कर्नेल.ओल्डवर किती विसंबायचं?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवं कर्नेल (सिस्टिमचा गाभा) बसवलं की आधीचं कर्नेल.ओल्ड नावाने बाजूला राहतं. "नवं कर्नेल चाललं नाही तर कर्नेल.ओल्ड आहेच" असं म्हणतात, ते पहिल्या खेपेपुरतं खरं. रीबूट न करता पुन्हा 'मेक इन्स्टॉलकर्नेल' (कर्नेल बसवायची कमांड) दिलंत तरी जुनं शाबूत राहतं, तेवढी अक्कल त्यात आहे. पण नवं कर्नेल बूट झालं, फक्त नेटवर्क कार्ड रुसलं, आणि तिथेच बसून दुसरं नव्याने बांधलेलं कर्नेल टाकलंत, की रुसलेलं जातं ओल्डमध्ये आणि धड चालणारं कायमचं पुसलं जातं. म्हणून मी आधीच बूट डिरेक्टरीत धड चालणाऱ्या कर्नेलची कर्नेल.गुड नावाने प्रत काढून ठेवतो. वेळ आलीच तर लोडर प्रॉम्प्टवर (कर्नेल सुरू होण्याआधी कमांड देता येते तिथे) 'बूट कर्नेल.गुड'.

शिवाय ग्राफिक्सचं डीआरएम-केमॉड, म्हणजे कर्नेलला जोडलं जाणारं ड्रायव्हरचं मॉड्यूल. ते पोर्ट्समधून (मूळ सिस्टिमबाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) येतं आणि बूटखालच्या मॉड्यूल्स डिरेक्टरीत बसतं; इन्स्टॉलकर्नेल तिची जुनी प्रत ठेवत नाही. एसआरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट्स_मॉड्यूल्स लिहिलं असेल तर कर्नेलबरोबर तेही नव्याने बांधलं जातं, सोयीचंच आहे. पण मग जुन्या कर्नेलवर परतलात की मॉड्यूल मात्र नव्याचं, आणि कन्सोलवर 'व्हर्जन मिसमॅच'. तीही डिरेक्टरी सोबत कॉपी करा.