साबणासाठी ऑलिव्ह तेल: एक्स्ट्रा व्हर्जिन की पोमेस?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं निवास-न्याहारीचं घर आहे. मे महिन्यातल्या पाहुण्यांसाठी न्हाणीघरात घरी केलेला साबण ठेवावा असं मनात आहे. खोबरेल घरचंच, पण नुसत्या खोबरेलाच्या साबणाने अंग ओढल्यासारखं होतं. सासूबाईंच्या पोटऱ्यांवर तर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते. म्हणून ऑलिव्ह तेल घालायचं ठरवलं.

कुडाळच्या दुकानात गेले तर एक्स्ट्रा व्हर्जिन, साधं, एक्स्ट्रा लाइट आणि पोमेसचा मोठा डबा. औषधांच्या दुकानात अंगाला चोळायची बाटली वेगळीच. "पोमेस म्हणजे चोथ्याचं, ते नको," असं जाऊबाईंचं मत. खरंच का? आणि आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं, त्यात या साबणाला फेस येईल ना?

माडाखाली
गो बाय, दारात माड आसताना परदेशातला तेल कित्याक व्हया? खोबरेल घाल आणि गप ऱ्हव.

सोडा आणि सबुरी
माडाखाली, तुमचं निम्मं बरोबर आहे, त्याकडे येतो.

ताई, जाऊबाईंना सांगा, पोमेस चोथ्याचंच असतं. फळं दाबून तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातलं तेल द्रावक वापरून काढतात, शुद्ध करतात आणि त्यात थोडं व्हर्जिन, म्हणजे नुसतं दाबून काढलेलं तेल मिसळतात. भाकरीबरोबर खायला मी ते घेणार नाही, पण साबणाला उत्तम. एक्स्ट्रा व्हर्जिनचे पैसे आपण वासाचे आणि चवीचे मोजतो आणि तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा त्या दोन्हींची वाट लावतो. पोमेसचा घोल लवकर दाटतो, म्हणजे हँड ब्लेंडर धरून तासभर उभं राहायला नको. वडी जरा हिरवट होते. दुधी रंग हवा असेल तर साधं किंवा एक्स्ट्रा लाइट घ्या. त्यातलं 'लाइट' रंगाला आणि चवीला आहे, तेल तेवढंच तेल.

औषधांच्या दुकानातली बाटली मात्र उलटी करून बारीक अक्षरं वाचा. काहींत लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतं. त्याचा साबण होतच नाही, ते वडीत नुसतं तेलकट राहतं आणि सोड्याचा हिशोब चुकतो. डब्यावरची तारीखही बघा. जुन्या तेलाच्या वडीवर पुढे नारिंगी डाग पडतात आणि खवट वास येतो.

आता पाणी. निव्वळ ऑलिव्हचा साबण मचूळ पाण्यात हरतो. गोड्या पाण्यातही त्याला फेसापेक्षा बुळबुळीतपणाच जास्त, आणि वडी नीट मुरायला सहा महिने तरी हवेत. खाऱ्या पाण्यात टिकतो तो खोबरेलाचा फेस. तेव्हा माडाखालींचं ऐका, पण निम्मंच: ६०० ग्रॅम पोमेस, ३०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल). मुठेलाने वडी टणक होते, नाहीतर ओल्या साबणदाणीत तिचा लगदा होतो. पाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा हिशोब धरला तर याला सोडा १४१ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी २८० ग्रॅम. विहिरीचं पाणी यात नको.

खाडीकाठची
मुठेल आहे की! पायांच्या भेगांसाठी दरवर्षी घेतोच. गणपतीत भाजीला काढतो तो मोठा टोप चालेल का? आणि सुकवायचं कुठे? माळ्यावर हवा बरी असते.

सोडा आणि सबुरी
टोप ॲल्युमिनियमचा असेल तर मुळीच नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टीलचं भांडं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकात नको. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. चष्मा, हातमोजे, आणि पोरं-मांजरं मागल्या दाराबाहेर. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली हात धरून ठेवा.

माळा चालेल, पण वड्यांत बोटभर अंतर ठेवा आणि सुपात किंवा बांबूच्या टोपलीत मांडा, पत्र्यावर नको. काम आत्ता, थंडीतच उरका. साबणातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे आपल्याकडे आषाढात वड्यांना घाम फुटतो. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबणाबद्दल १६८८ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत फर्मान निघालं, त्यात ऑलिव्हशिवाय दुसरी चरबी नको म्हटलं होतं आणि जून ते ऑगस्ट साबण करायलाही बंदी होती. त्यांचं कारण उन्हाळा. आपण पावसासाठी तेच महिने सोडायचे.

माडाखाली
निम्मा तरी माझा खरा ठरला! मुठेल घालूचा ह्या मात्र झकास.

खाडीकाठची
ठरलं, पोमेसच आणते. जाऊबाईंना सध्या डबा दाखवत नाही.

सोडा आणि सबुरी
पहिला घाणा अर्ध्या मापाचाच काढा. दीड-दोन महिन्यांनी एक वडी विहिरीच्या पाण्यात घासून बघा. फेस कमी वाटला तर पुढच्या घाण्यात खोबरेल वाढवू. पण तेव्हा सोडा नव्याने काढावा लागेल. खोबरेल ऑलिव्हपेक्षा बराच जास्त सोडा घेतं, म्हणून १४१चा आकडा तसाच वापरू नका. प्रमाण इथे टाका, मी हिशोब करून देतो.