चर्चा धागा: चोरून आणलेल्या वस्तूंवरचे माया लेख अभ्यासकांनी वाचावेत का?

लेखनिक (धागाकर्ता)
ग्वाटेमाला आणि मेक्सिकोच्या जंगलांतून चोरांनी उपसलेली प्राचीन माया संस्कृतीची भांडी आणि करवतीने कापलेले शिलास्तंभ प्रसिद्धच करू नयेत, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. ‘अमेरिकन जर्नल ऑफ आर्किऑलॉजी’चे धोरणच असे आहे, की ३० डिसेंबर १९७३ नंतर एखाद्या संग्रहात आलेली वस्तू, ती त्याआधीपासून ज्ञात असल्याचा किंवा मायदेशातून कायदेशीरपणे बाहेर आल्याचा पुरावा नसेल, तर त्या नियतकालिकात पहिल्यांदा प्रसिद्ध होणार नाही. नुसत्या वस्तूसाठी हा नियम समजू शकतो. लेख असलेल्या वस्तूसाठी मला तो चुकीचा वाटतो.

१५६२ मध्ये स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांडा यांनी युकातानमधील मानी येथे माया पोथ्या जाळल्या आणि आज जगात अशा अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत. माया संस्कृतीचे अभ्यासक मायकेल को यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रोलियर क्लबातील प्रदर्शनासाठी खासगी संग्रहांतील भांडी एकत्र आणली, तेव्हा त्यांच्या काठांवर तीच चिन्हे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात हे त्यांच्या लक्षात आले. भांडे कोणत्या प्रकारचे, त्यातले पेय कोणते आणि मालक कोण, हे सांगणारा तो ठरावीक मजकूर होता. ही भांडी बहुतांशी लुटीचीच होती. त्यांकडे पाठ फिरवली असती, तर हा उलगडा किती लांबला असता याचा विचार करावा.

मातीचे थर
असहमत. काठावरच्या मजकुरात कोकोचा उल्लेख आहे हे माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांचे वाचन पक्के कशामुळे झाले? ग्वाटेमालातील रिओ अझुल येथील एका थडग्यात १९८४ मध्ये उत्खननातून मिळालेल्या, फिरवून बसवायच्या झाकणाच्या भांड्यामुळे. त्यातील अवशेषांची हर्शी कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि कोकोची रसायने सापडली. बाजारात येणारे भांडे घासूनपुसून चकचकीत केलेले असते, आणि पुष्कळदा दलालाच्या माणसाने त्यावर नव्याने रंगही भरलेला असतो. मग आपण आठव्या शतकातल्या लेखकाचे अक्षर वाचतो आहोत की विसाव्या शतकातल्या कारागिराचे, हे कसे ठरवायचे?

दुसरे असे, की विद्यापीठातल्या नामवंत अभ्यासकाने राजाचे नाव वाचून दिले की भांड्याची किंमत चढते. १९७१ मध्ये ग्वाटेमालातील ला नाया येथे माया लेखांची नोंद करणारे अभ्यासक इयान ग्रॅहम यांच्या वाटाड्याला लुटारूंनी गोळी घालून ठार केले; या व्यापाराला विद्वत्तेचा हातभार लागणे मला मान्य नाही.

दक्षिणद्वार
मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. ठाव नसलेल्या अनेक कोरीव दगडांवर एकाच राजघराण्याचे उल्लेख आढळल्यामुळे लिपीतज्ज्ञ पीटर मॅथ्यूज यांनी त्या अज्ञात नगराला ‘साइट क्यू’ असे तात्पुरते नाव दिले. १९९७ मध्ये ग्रॅहम आणि स्टुअर्ट ग्वाटेमालातील ला कोरोना येथे पोहोचले, आणि २००५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्सेलो कानुटो यांना तिथे जागच्या जागी असलेला कोरीव फलक मिळाल्यावर हेच ‘साइट क्यू’ अशी ओळख पटली. लुटीचे लेख आधी वाचलेलेच नसते, तर तो फलक कशाशी जुळवून पाहिला असता?

मातीचे थर
ते नगर लुटले गेले नसते, तर शोधण्याची वेळच आली नसती.

पोथीवाला
चौथ्या पोथीचा उल्लेख वर ओझरता आला आहे. ग्रोलियरच्या त्याच प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. ती गुहेत सापडली ही निव्वळ ऐकीव गोष्ट. माया विद्येतले वजनदार अभ्यासक एरिक थॉम्पसन यांनी ती बनावट ठरवली, आणि कागद जुना निघाला तरी चित्रे नवी असू शकतात हा आक्षेप उरलाच. २०१६ मध्ये को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अस्सल असल्याची सविस्तर मांडणी केली. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र आणि इतिहास संस्थेने तिचा काळ इ.स. १०२१ ते ११५४ असा दिला, तेव्हा कुठे वाद बराचसा निवला. तिच्यात नोंदलेल्या शुक्राच्या फेऱ्यांबद्दल काही शिकण्याऐवजी जवळजवळ अर्धे शतक ‘खरी की खोटी’ यातच गेले. हा दोष वाचणाऱ्यांचा नाही, उचलून नेणाऱ्यांचा आहे. पण भुर्दंड वाचणाऱ्यांनाच पडला.

लेखनिक (धागाकर्ता)
दलालाला प्रमाणपत्र देणे आणि लेखाचे रेखाटन करून, तो लुटीचा आहे असे ठळक नोंदवून अभ्यासकांपुढे ठेवणे, यांत मी फरक करतो. पहिल्याला माझाही विरोध आहे. मात्र ग्वाटेमालातील एल पेरू-वाका या माया नगरातील चौतिसावा शिलास्तंभ पाहा. तो आज अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयात आहे, त्यावर इ.स. ६९२ची तिथी आणि राणी कबेल हिची प्रतिमा आहे. २०१२ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फ्रायडेल यांच्या चमूला त्याच नगरातील थडग्यात संगमरवरासारख्या दगडाची छोटी कुपी मिळाली. तिच्यावरच्या नावावरून ही राणी कोण हे त्यांना ओळखता आले, कारण स्तंभावरचा लेख आधीच वाचलेला होता.

मातीचे थर
आणि ती कुपी सांगाड्याजवळ होती, म्हणून थडगे कोणाचे हे ठरले. लिलावात आली असती, तर कुपीवर एक नाव आहे इतकेच आपल्याला कळले असते. त्या स्तंभाचे म्हणाल, तर तो कुठून कापला गेला हे ग्रॅहम यांनी १९७०च्या दशकात जागेवर पडलेल्या अवशेषांवरून दाखवून दिले. पण संग्रहालयाची खरेदी १९६७ची, म्हणजे सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७०च्या कराराआधीची. लेखही वाचून झाला, मूळ जागाही कळली, आणि स्तंभ अजून क्लीव्हलंडमध्येच आहे.