दोन आठवड्यांची मिशन ट्रिप आणि कंबोडियातलं अनाथालय: मुलांना पाठवावं का?

यारातीर

आमच्या चर्चचा युवक गट जानेवारीत मेलबर्नहून कंबोडियाला चालला आहे. सिएम रीपच्या बाहेर एक अनाथालय आहे, तिथे दोन आठवडे मुक्काम. भिंती रंगवायच्या, इंग्रजी शिकवायचं, संध्याकाळी गाणी आणि खेळ, रविवारी उपासना. माझी लेक सतरा वर्षांची आहे. तिचं नाव यादीत आहे आणि पालक म्हणून माझी सही हवी आहे. मी अजून केलेली नाही. घरात आठवडाभर त्यावरून धुसफूस चालली आहे, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

मी स्वतः २००९ मध्ये अशाच ट्रिपला गेले होते, दुसऱ्या एका संस्थेत. पहिल्याच दिवशी सहाएक वर्षांच्या एका मुलीने माझं बोट धरलं, ते बारा दिवस सोडलं नाही. मला 'बोंग' म्हणायची, म्हणजे ताई. माझ्या ताटातलं खायची, माझ्या मांडीवर झोपायची. मला वाटायचं, देवाने मला हिच्यासाठीच इथे आणलं. नवव्या दिवशी फाटकाबाहेर एक बाई आंब्यांची पिशवी घेऊन उभी होती. आत आली नाही. स्वयंपाकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तिची आई. मी आमच्या गटप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, गरीब लोक आहेत, पोसू शकत नाहीत. मी मान हलवली आणि विषय सोडला.

निघायच्या दिवशी आमचं सामान गाडीत चढत असतानाच पुढच्या गटाची गाडी फाटकातून आत आली. ती मुलगी रडली नाही. धावत गेली आणि त्यांच्यातल्या एकीचं बोट धरलं.

पुढे बरीच वर्षं मी या विषयावर वाचत राहिले. युनिसेफच्या पाहणीनुसार कंबोडियातल्या अनाथालयांत राहणाऱ्या चारपैकी सुमारे तीन मुलांची आई किंवा वडील, किमान एक जण, हयात आहे. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. लाखो लोकांचा बळी घेणारी ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्येच संपली होती, तेव्हा ही काही युद्धात पोरकी झालेली मुलं नव्हेत. वाढत होते ते अंगकोरची प्राचीन मंदिरं पाहायला येणारे पर्यटक आणि आमच्यासारखे गट. आम्ही येतो म्हणून खाटा वाढतात, आणि खाटा भरायला गावोगावी जाऊन आईबापांना शाळेचं आणि जेवणाचं आश्वासन दिलं जातं.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे: लेकीला पाठवू नये, आणि चर्चनेही ही ट्रिप करू नये. तुम्हाला काय वाटतं?

कृपाछाया

ताई, तुमचं लिहिणं वाचून गलबलून आलं, पण मी तुमच्याशी सहमत नाही. मी सिडनीहून सहा वेळा कंबोडियातल्या एकाच होममध्ये गेले आहे, म्हणून बोलते.

फाटकाबाहेरची आई खरी. पण तिच्या घरी त्या रात्री चुलीवर काय होतं ते तुम्ही पाहिलंत का? आमच्या होममधल्या कित्येक मुलांचे वडील थायलंडमध्ये बांधकामावर जातात आणि वर्षानुवर्षं फिरकत नाहीत. आई राजधानी नॉम पेन्हमध्ये कपड्यांच्या कारखान्यात. आजी म्हातारी, डोक्यावर कर्ज. अशा घरातलं मूल शाळा सोडून भातशेतीत राबणार हे ठरलेलं असतं. होममध्ये मी ज्यांना सहा-सात वर्षांचं पाहिलं ती मुलं बारावी झाली, दोघी नर्सिंगला गेल्या.

आणि पैशाचं म्हणाल, तर माणूस जे डोळ्यांनी पाहतो त्यालाच देतो. आमच्या गटातले निम्मे लोक परत आल्यावर दर महिन्याला पैसे पाठवतात. ट्रिप बंद केलीत की ते तिकिटाचे पैसे गरिबाकडे जातील हा भ्रम आहे. ते नव्या सोफ्यात जातील. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या असं सांगितलंय. लांबून समाचार घेता येत नाही.

स्पष्टच_सांगतो

मुळात हे सगळं धर्मांतरासाठी चालतं. भिंती रंगवणं हा बहाणा. यावर एवढी चर्चा कशाला?

यारातीर

दादा, तसं असतं तर उत्तर सोपं होतं. पण सिएम रीपमध्ये चर्चशी काडीचाही संबंध नसलेले पाठपिशवीवाले पर्यटकसुद्धा दुपारभर अनाथालयात जाऊन फोटो काढत होते. मुलं त्यांच्यासमोर अप्सरा नृत्य करायची आणि देणगीची पेटी फिरायची. फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत' अशी मोहीम काढली ती त्यामुळेच. नेपाळमध्येही बालगृहांची गर्दी काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहे. हा एका धर्माचा प्रश्न नाही.

कृपाताई, त्या वचनाबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण मी ते लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं आहे. त्यात अनाथ एकटा नाही. 'अनाथ व विधवा' असे दोघे एकत्र आहेत. त्या काळात बाप गेलेलं मूल म्हणजे अनाथ, आणि त्याची आई म्हणजेच ती विधवा. दोघांचा मिळून समाचार घ्यायचा आहे. आपण विधवेला फाटकाबाहेर ठेवलं आणि मूल तेवढं आत घेतलं.

मुळाकाठ

दोन्ही बाजू वाचल्या. मी नगर जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, दसऱ्यानंतर निघायचे ते उन्हाळ्यातच परत. दुसरी ते दहावी मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये काढली. तेव्हा कृपाताईंचं म्हणणं मला आतून कळतं. बोर्डिंग नसतं तर मीही कोयता घेऊन फडात गेलो असतो. आज इंजिनिअर आहे, पुण्यात घर आहे. संस्था म्हटली की वाईटच, असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो.

पण माझ्या बोर्डिंगने मला कधी अनाथ म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये आईचं नाव होतं, गावाचं नाव होतं. नाताळात आणि मे महिन्यात घरी पाठवायचे, आईवडील कारखान्यावर असले तर आजीकडे. वर्षाच्या शेवटी कुणाकडे जायचं हे मला पक्कं ठाऊक असायचं.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नव्हती. वर्षातून एकदा परदेशी पाहुणे यायचे. त्या दिवशी अधीक्षक आम्हाला सांगायचे, नवे कपडे पेटीत ठेवा, जुने घाला. माझ्याकडे आईने बाजारातून घेतलेला एक निळा शर्ट होता. तो घातला म्हणून मला रांगेतून बाहेर काढलं होतं. गोरी बाई माझ्या शेजारच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. ती बाई मनाने चांगलीच असणार. पण माझ्या आईने घेतलेला शर्ट तिला दिसायला नको होता, हे मला नववीत कळलं.

रंगकामवाला

थोडक्यात लिहितो. बारावीच्या पोरांना रंगवायला भिंत देऊ नका. सिएम रीपमध्ये रंगारी आहेत, त्यांनाही घर आहे. आपल्या पोरांनी दिलेला रंगाचा हात तेच लोक नंतर खरवडून पुन्हा देतात, हे मी दुसऱ्या देशात स्वतः पाहिलंय.

ओटीवर

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर काम केलं आहे. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट तत्त्व आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी आईवडील, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर बालगृह. कागदावरचं तत्त्व आणि समितीसमोर बसलेली रडवेली आई यांत अंतर पडतं, तेही मी अनुभवलंय. बऱ्याच आया 'साहेब, ठेवून घ्या' म्हणत यायच्या. बालसंगोपन योजनेत दरमहा पैसे मिळू शकतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. सांगितलं की बऱ्याच जणी पोराला घेऊन परत जायच्या. त्यांना मूल नको नव्हतं, दप्तराला पैसे हवे होते.

यारातीरताईंची ती बोट न सोडणारी मुलगी आम्ही रोज पाहायचो. नवा माणूस दिसला की बिलगणारं मूल पाहून पाहुण्यांना वाटतं, किती प्रेमळ! आम्हाला काळजी वाटायची. घरात वाढलेलं मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या पदराआड जातं. रुमानियात बुखारेस्टला या विषयावर मोठा अभ्यास झाला. अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ बरी झाली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेली त्यांची. मुलाला लागतं ते एकच माणूस, आणि ते रोज तेच लागतं. दर पंधरवड्याला येणारी सोळा प्रेमळ माणसं त्याच्या उलट काम करतात.

सुरक्षेचंही बघा. ओक्लाहोमाचा एक तरुण स्वयंसेवक म्हणून केनियातल्या बालगृहात गेला आणि तिथल्या मुलांवर अत्याचार केले म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली. चर्चच्या गटांतले बहुतेक सगळे निर्मळ मनाचे असतात, मला मान्य आहे. पण फाटक सगळ्यांसाठीच उघडं राहतं.

कृपाछाया

ओटीवर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण कंबोडियाच्या खेड्यात तुमची बालसंगोपन योजना नाही. शिवाय 'घरी' म्हणजे नेहमी मायेचं घर असंही नाही. दारू, मारहाण, सावत्र बाप हे मी ऐकलंय, मुलांच्या तोंडून ऐकलंय. उद्या सगळ्या चर्चेसनी हात काढून घेतला तर होम बंद पडेल आणि मुलं एका रात्रीत बाहेर येतील. त्याची जबाबदारी कोण घेणार?

आणि पंडिता रमाबाईंचं काय? दुष्काळात त्यांनी मुली गोळा करून केडगावला मुक्ती मिशनमध्ये आणल्या नसत्या तर त्या मेल्या असत्या. त्यालाही चूक म्हणणार का?

यारातीर

रमाबाईंना चूक म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या दोन आठवड्यांसाठी आल्या नव्हत्या. १९२२ मध्ये मृत्यू आला तोवर त्या त्याच मुलींमध्ये राहिल्या, त्यांचीच भाषा बोलल्या. आणि दुष्काळात घरच उरलं नव्हतं. सिएम रीपच्या त्या आईचं घर होतं, आंब्याचं झाड होतं.

एका रात्रीत बंद करू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. कंबोडिया सरकारनेही तसं केलं नाही. संस्थांमधली ३० टक्के मुलं टप्प्याटप्प्याने, सुरक्षितपणे कुटुंबांत परत न्यायची असं उद्दिष्ट त्यांनी ठरवलं होतं. आणि हे चर्चच्या लोकांना जमत नाही असंही नाही. इथल्याच ऑस्ट्रेलियन ख्रिश्चन चर्चेसची मदतसंस्था आपल्याशी जोडलेल्या अनाथालयांना कुटुंबाधारित कामाकडे वळवायला मदत करते. टारा विंकलर या ऑस्ट्रेलियन बाईंनी कंबोडियातल्या बाटामबांगला स्वतः अनाथालय काढलं होतं. मुलांना आईबाप आहेत हे कळल्यावर त्यांनी ते काम बदललं आणि मुलांना घरी राहून शिकता यावं म्हणून कुटुंबांना आधार द्यायला लागल्या. इथल्या, ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीनेही २०१७ च्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर वेगळं प्रकरण लिहिलं.

हैतीचं उदाहरण मला कायम आठवतं. २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुलं सरहद्दीपार नेताना पकडलं. अनाथ म्हणून नेत होते, आणि बहुतेकांना आईबाप होते. ती माणसं दुष्ट होती असं मी म्हणत नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि २००९ मध्ये मीही विचारलं नाही.

कृपाताई, एक विनंती. तुमच्या होमला एकच प्रश्न विचाराल का? किती मुलांच्या आई किंवा वडिलांचा पत्ता त्यांच्याकडे आहे?

कृपाछाया

विचारलं. चार दिवस लागले. ४१ मुलं आहेत. २९ जणांच्या आई किंवा वडिलांचा पत्ता आहे. नऊ जणांची आजी, मामा किंवा मावशी आहे. तिघांचं कुणीच सापडत नाही.

मी सहा वेळा गेले, पण हे कधी विचारलं नव्हतं. मुलींच्या वेण्या घालताना मीच त्यांना सांगायचे की येशू तुझा बाप आणि आम्ही तुझं कुटुंब. त्यांच्यातल्या एकीची आई साठ किलोमीटरवर होती आणि मी तिला हे सांगत होते. दोन रात्री झोप नाही.

तरीसुद्धा मी लगेच तुमच्या बाजूला येणार नाही. त्या तिघांचं काय? आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे मूल परत पाठवायला मी सही करणार नाही. माझा पाठिंबा त्या होमला राहील. पण पाहुण्यांचे गट थांबवा आणि तो वेळ पत्ते शोधायला द्या, असं मी आमच्या पाळकांना लिहिलंय. उत्तर यायचंय.

यारातीर

धन्यवाद, ताई. त्या तिघांवर माझ्याकडेही तयार उत्तर नाही. ओटीवर म्हणतात तसं दुसरं कुटुंब शोधावं लागेल आणि त्याला वेळ लागेल.

येत्या रविवारी उपासनेनंतर पालकांची बैठक आहे. आमच्या गटाचा खर्च माणशी ३,८०० डॉलर आहे आणि सोळा जण आहेत. सही न करण्याचं कारण मी सांगणारच, पण नुसता नकार घेऊन जायचं नाही. मुळाकाठ, तुम्हाला विचारते. तुमच्या बोर्डिंगला कुणी पैसे दिले असते आणि ते तुमच्या मनासारखे खर्च करायचे असते, तर तुम्ही कशावर केले असते?

मुळाकाठ

एसटीच्या भाड्यावर. तोडीच्या महिन्यांत आई एकदाच भेटायला यायची. मला वाटायचं तिला कामातून सवड नसते. ती गेल्यानंतर वडील बोलले, सवड काढायची रे ती, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तिकिटाला पैसे नसायचे. बैठकीत एवढं विचारा की तिथल्या आयांना गावाहून यायला आणि परत जायला किती पडतं.