फराळ, भरलेलं घर आणि भुताचा सिनेमा : तुमचे अनुभव सांगा

माजघर
काल भाच्याचा फोन. "मावशी, या दिवाळीला सगळे तुझ्याकडे येतोय ना, मग पहिल्या रात्री भुताचाच सिनेमा लावायचा. विनोदी चालणार नाही, खरा घाबरवणारा पाहिजे." हो म्हटलं आणि फोन ठेवला, पण डोक्यात १९८८ सुरू झालं.

आजोळी टीव्ही नव्हता. मामाने टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी भाड्याने आणल्या. पहिली देवाची, म्हातारी माणसं झोपावीत म्हणून. दुसरी मारामारीची. तिसरीवर चिठ्ठीच नव्हती, ती निघाली 'पुराना मंदिर'. अकरा पोरं, चार गोधड्या. मध्येच वीज गेली तर कोणीही ओरडलं नाही, कारण कोणाच्या तोंडातून आवाजच फुटेना.

खरी मजा पहाटे. नरक चतुर्दशी, साडेचारला आजीने हलवून उठवलं. न्हाणीघर परसात, विहिरीच्या अलीकडे. कंदील घेऊन मी एकटी. आत चुलीचा लाल उजेड आणि त्या उजेडात पाठमोरं कोणीतरी बसलेलं, ओले केस जमिनीपर्यंत. मी उटण्याची वाटी टाकली आणि जी किंचाळले! ती आत्या होती. तिला वाटलं मला विंचू चावला, म्हणून तीही किंचाळली. आजी दारात उभी राहून म्हणाली, "नरकासुराला मारायचंय गं, तू आधीच काय मेलीस?"

कारीट त्या वर्षी माझ्या वतीने भावाने फोडलं. माझे पाय लटपटत होते.

तुमचं सांगा.

रात्रपाळी
तात्या विंचू!! 'झपाटलेला' आला १९९३ ला, आम्ही पाहिला दिवाळीत कॅसेटवर. त्यानंतर आईने जत्रेतलं एक बाहुलं लाडवांच्या डब्यावर बसवून ठेवलं. आठ दिवस एकही लाडू कमी झाला नाही. नवव्या दिवशी बाहुलंच गायब. आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. बाबांवर माझा संशय आहे.

अर्धा कप
@माजघर, 'पुराना मंदिर'मधला तो राक्षस सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल. शिकलेला इंजिनियर माणूस, उंची आणि चेहरा बघून भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंनी उचलला. १९८४ चा सिनेमा तो. आणि रामसेंचं पहिलं यश 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), ते महाबळेश्वरला चित्रित केलेलं. म्हणजे आपण स्ट्रॉबेरी खायला जातो तिथे ते मढी उकरत होते. चुकून झालेलं ज्ञानदान, क्षमस्व, डब्यात बसलोय आणि गाडी सिग्नलला थांबलीय.

कोरडी भाजणी
आमच्याकडे 'तुंबाड'. २०१८, दिवाळीच्या आधी जेमतेम महिनाभर लागला होता. थिएटरात पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंबरोबर करंज्यांचं पीठ मळायला बसले. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. कणकेच्या बाहुल्या! परातीत गोळा मऊ करतेय, बोटं आत रुततायत, आणि तो गोळा हळूहळू फुगतोय असं वाटतंय. सासूबाईंनी उरलेल्या पिठाची पोरांसाठी म्हणून एक छोटी बाहुली केली, डोळ्यांना दोन मिरी लावल्या आणि माझ्यापुढे ठेवली. मी उठून गॅलरीत गेले. त्यांना अजून वाटतं की मला करंज्या करायचा कंटाळा आहे.
(तोही आहे. पण तो वेगळा विषय.)

शेजारचं दार
२०२४ ला गणपतीतच तो पुन्हा लागला होता. आम्ही आरती उरकून नऊचा शो गाठला. खिशात मोदक, समोर हस्तर. एवढ्या भुकेल्या भुतासमोर मोदक खाताना लाज वाटली.

एकच कुकर
आमच्याकडे सासरे आहेत, सिनेमाची गरज नाही. जास्त लिहीत नाही, नणंद इथेच असते.

दुपारची झोप
कोण नणंद? मी आहे का?

एकच कुकर
ताई, तुम्ही नाही हो 😅 फराळाला याच.

उशिरा आलेली
मी जरा वेगळं लिहिते. 'गहराई' (१९८०). श्रीराम लागू आणि पद्मिनी कोल्हापुरे. घरात मुलीला काहीतरी होतं आणि बाप काही केल्या ते मानायला तयार नसतो. भाऊबीजेच्या रात्री दूरदर्शनवर लागला होता की कॅसेट होती, ते विसरले. बाबा म्हणाले, अशा गोष्टी नसतात, झोपा. आणि स्वतः शेवटपर्यंत बघत बसले. मी पांघरुणातून त्यांचा पाय धरून होते, त्यांनी पाय हलवला नाही. सकाळी म्हणाले, पायाला मुंग्या आल्या होत्या गं रात्रभर.
या वर्षी त्यांच्याशिवाय पहिली दिवाळी.

माजघर
@उशिरा आलेली 🙏 काय लिहू. फराळ कर हो थोडा तरी, आमच्या वाटचा समज.

कोरडी भाजणी
🙏

पाव किलो
इथे कोणी जागं आहे का? अनारसे हसतायत. तूप तापलंय, घातला की पसरून जाळी जाळी. रात्री अकराला एकटी स्वयंपाकघरात उभी आहे आणि कढईत सगळे हसतायत, यापेक्षा मोठा हॉरर मला दाखवा.

रात्रपाळी
😂😂 याचा सिनेमा काढा कोणीतरी

अर्धा कप
गूळ जास्त झाला असेल. मूठभर तांदळाची पिठी मळून घाल आणि दोन तास गप झाकून ठेव. आई सांगते म्हणून लिहितोय, मला फक्त खाता येतात.

शेजारचं दार
आमच्या मजल्यावर बंगाली कुटुंब आहे. त्यांच्याकडे कालीपूजेच्या आदल्या रात्रीला भूत चतुर्दशीच म्हणतात. चौदा दिवे लावतात, चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात, पूर्वजांची आठवण. म्हणजे भाचा काही चुकीचं मागत नाहीये, तिथी तीच आहे.

@माजघर, 'लपाछपी' (२०१७) लाव. मराठी आहे, उसाचं शेत, एक घर, आणि सगळं भरदिवसा. अंधारापेक्षा दुपार भयानक वाटते त्यात. फक्त घरात कोणी गरोदर असेल तर नको, गोष्टच तशी आहे.

माजघर
वहिनी सातव्या महिन्यात आहे, म्हणजे बाद. 'रात' म्हटलं तर भाच्याची बायको मांजरप्रेमी, तिला ते मांजर बघवायचं नाही. 'झोंबिवली'ला एक पार्टी तयार आहे, पण डोंबिवलीची काकू म्हणतेय आमच्यावर पिक्चर काढलाय तर आधी मी बघणार, मग ठरवणार.

आता असं ठरलंय की 'पुराना मंदिर'च लावायचा. मामा पंच्याहत्तरीचा आहे, येतोय. चिठ्ठी मुद्दाम लावली नव्हती का, एवढं त्याला विचारायचंय.

पाव किलो
पिठी घातली. आता हसत नाहीयेत. दगड झालेत.