"तसे तुम्ही मूळचे कोण?": ख्रिस्ती घरातला हा प्रश्न

भिंगारकरीण (धागा सुरू करणारी)

सलाम मंडळी.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा दवाखान्यात ब्रदर (पुरुष नर्स) आहे, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पोहे झाले, चहा आला आणि आमच्या आत्याने विचारलं, "तसे तुम्ही मूळचे कोण?" ती गाव विचारत नव्हती, आणि मुलाच्या वडिलांना ते कळलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "मूळचे मांग. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला." आत्या लगेच म्हणाली, "आम्ही काही मानत नाही हो." आठ दिवसांनी निरोप गेला की मुलीला अजून शिकायचंय. तिचं शिक्षण संपून दोन वर्षं झालीत.

आम्ही मूळचे महार. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांच्याही पणजोबांना मिळत नव्हतं. तरी आम्ही त्यांना नको म्हटलं. ते उत्तर देऊन एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, तेव्हा मी मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसले होते.

तेव्हापासून बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला यहुदी शास्त्री डोक्यातून जात नाही. "माझा शेजारी कोण?" असं त्याने विचारलं, येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली (लुटलेल्या, जखमी माणसाला याजक आणि लेवी टाळून गेले, आणि यहुदी ज्यांना हलकं समजत त्या शोमरोनी लोकांतल्या एकाने त्याची सेवा केली) आणि उलट विचारलं, की तिघांपैकी शेजारी कोण झाला? शास्त्र्याला "शोमरोनी" हा शब्द काही उच्चारवेना. "त्याच्यावर दया करणारा तो," एवढंच म्हणाला. उत्तर बरोबर होतं, पण समोरच्या माणसाचं नाव-गाव ओठांवर येत नव्हतं. आमचंही तेच झालंय. उपासनेत "ख्रिस्तात सगळे एक" म्हणतो, प्रभुभोजनाला रांगेत शेजारी उभे राहतो, आणि सोयरीक म्हटली की मूळ शोधतो.

माझं म्हणणं असं की जातीचं हे पाप चर्चच्या व्यासपीठावरून नाव घेऊन कबूल करावं. तुम्हाला काय वाटतं?

पाळकपुत्र

ताई, तुमचं दुःख कळतं, पण उपाय पटत नाही. माझे वडील चौतीस वर्षं पाळक, म्हणजे पाद्री, होते. तीन चर्चच्या मंडळ्या सांभाळल्या, पण कोणाचं मूळ कधी विचारलं नाही आणि आम्हा भावंडांना ते कळूही दिलं नाही. घरी येईल तो आमच्याच ताटात जेवला. जी नावं टाकून देण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी घरदार सोडलं, तीच व्यासपीठावरून पुन्हा घ्यायची? आज ज्या पोरांना ठाऊक नाही, त्यांनाही उद्या कळेल की शेजारच्या बाकावरचा कोण आहे.

पेत्राच्या पत्रात आहे, प्रीती पापांची रास झाकून टाकते. झाकणं हेही प्रेमाचंच काम आहे. तुमच्या आत्याला चार भिंतींत समजवा. सगळ्या मंडळीला आरोपी कशाला करता?

निळी शाई

पाळकपुत्र, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण "आम्हाला जात माहीतच नव्हती" हे त्यालाच म्हणता येतं, ज्याला ती कोणी विचारली नाही. मला शाळेत विचारली, भाड्याची खोली बघताना विचारली आणि मंडळीच्या तरुण संघातही विचारली.

सरकारी कागदावर तर आमची कोंडी दोन्हीकडून आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी. सरकार म्हणतं, तुमच्या धर्मात जात नाही. मंडळी म्हणते, आपल्यात जात नाही. आणि तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी असते! मेल्यावरही. धर्मांतर केलं तरी इथल्या ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली, हे बाबासाहेबांनी कधीच लिहून ठेवलंय.

झाकणं आणि क्षमा यांत फरक आहे. जखम न धुता वर पट्टी बांधली तर आत पू होतो. त्या शोमरोन्यानेसुद्धा आधी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला.

अज्ञेय

मी ख्रिस्ती नाही, पण आजोळ नगरचं, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. माझा आक्षेप मुळावरच आहे. "शत्रूवर प्रेम करा" ही शिकवण ऐकायला मोठी वाटते, पण तिचं ओझं नेहमी मार खाणाऱ्यावर पडतं. आत्या मोकळी राहणार आणि त्या मुलाच्या वडिलांनी तिला क्षमा करायची.

शिवाय येशूही आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून पूर्ण सुटला होता का? मार्कच्या सातव्या अध्यायात एक परदेशी बाई लेकीसाठी विनवणी करते, तर तो म्हणतो की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. हे वाचून मला आजही कसंसंच होतं. पूर्वग्रह जातो तो कायद्याने, शिक्षणाने आणि एकमेकांत लग्नं होऊन. प्रेमाच्या प्रवचनांनी दोन हजार वर्षांत तो गेला नाही.

वसईवाला

आधी आमच्या घरचं सांगतो. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा आम्हा कॅथलिकांच्या वेगवेगळ्या चुली होत्या, आणि जुनी माणसं त्या अजून मोजतात. गोव्यात तर बामण, चारडो, सुदीर ही जातींची नावं चारशे-साडेचारशे वर्षं चर्चच्या आतच टिकली, धार्मिक बंधुसंघही जातवार होते. तेव्हा निळी शाई यांच्याशी वाद नाही.

पण अज्ञेय, क्षमा म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. सिस्टर राणी मारिया ही केरळची जोगीण (नन) मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करत होती. आदिवासींना सावकारीतून सोडवायची, बचत आणि हक्क शिकवायची. म्हणजे अन्याय कोण करतंय हे ती नाव घेऊन सांगत होती, आणि म्हणूनच २५ फेब्रुवारी १९९५ ला तिला बसमध्ये भोसकून मारलं. मारणारा समंदर सिंग. २००२ मध्ये तिची सख्खी बहीण, तीही जोगीण, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. राणी मारियाच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

त्या बहिणीने "काही झालंच नाही" असं म्हटलं नाही. यानेच माझ्या बहिणीला मारलं, हे पुरतं ठाऊक असताना त्याचा हात हातात घेतला. पाळकपुत्र, ह्याला मी झाकणं म्हणणार नाही.

अज्ञेय

वसईवाला, माहिती नव्हती. वाचून थांबलो जरा. पण अशी माणसं विरळा. तिला हे स्वतःहून सुचलं, तिच्याकडून कोणी मागितलं नव्हतं. दुखावलेल्याकडे क्षमा मागण्याचा हक्क दुखावणाऱ्याला नाही, यावर मी ठाम आहे.

पाळकपुत्र

यावर माझंही तेच मत आहे. पण नाव घेऊन कबुली दिल्यावर पुढे काय? मंडळीत दोन तट पडले तर ते कोण जोडणार? वडिलांनी एकदा भांडण मिटवताना पाहिलंय मी, तीन वर्षं लागली होती. म्हणून मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

भिंगारकरीण

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

अज्ञेय, मार्कच्या सातव्यातलं ते वाक्य मलाही टोचतं, मी ते गोड करून सांगणार नाही. पण पुढे वाचा. ती बाई मागे हटत नाही. मुलांच्या हातून पडलेला चुरा मेजाखालची कुत्रीही खातात, असं तोंडावर उत्तर देते, आणि येशू म्हणतो की तुझ्या या बोलण्यामुळे तुझी लेक बरी झाली. तिचं बोलणं त्याने ऐकून घेतलं. आम्ही त्या गृहस्थांचं ऐकलं नाही.

पाळकपुत्र, दादा, मार्कच्याच दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं लिहिलंय, आणि लगेच पुढे त्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट सांगितली. तो खिन्न होऊन निघून गेला, तरी येशूने शब्द मागे घेतला नाही. आत्यावर माझं प्रेम आहे. तिने मला वाढवलंय. म्हणूनच "तू मानत नाहीस असं म्हणतेस, पण मानतेस" हे तिला मीच सांगायला हवं, तिच्या घरी बसून.

वेळ लागतो हेही खरं. ब्राह्मण घरातले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी सोवळं सांभाळलं, वेगळी चूल मांडली, आणि जात सोडली ती बाप्तिस्म्याच्याही आधी, स्वतःशी विचार करून. कोणी झाकून ती गेली नव्हती.

काल संध्याकाळी मी मुलाच्या वडिलांना फोन लावला. क्षमा मागितली नाही, अज्ञेय, तुमचं म्हणणं पटलं होतं. एवढंच म्हटलं, "शिक्षणाचं कारण खोटं होतं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोललात तेव्हा मी खाली पाहत होते." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, हे फोनवर नको. घरी या."

शनिवारी जातेय. आत्यालाही चल म्हटलंय. तिने अजून हो म्हटलेलं नाही.