डिप्लोमा मेकॅनिकल, शिफ्टची नोकरी: एरोस्पेसचा पाया घरून कसा घालावा?

तिसरी_पाळी: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, चाकणला शिफ्टमध्ये काम आहे. आठवड्याला जेमतेम आठ तास मिळतात. एरोस्पेसची सुरुवात कुठून करू? दूरशिक्षणाने पदवी मिळते का? गणित एम-२ (डिप्लोमाचा दुसरा गणिताचा पेपर) पर्यंतच झालंय.

कागदपत्र: पदवीचं आधी सांगतो, कारण इथेच लोकांचे पैसे बुडतात. अभियांत्रिकीच्या दूरशिक्षण पदवीला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय संस्था) मान्यता नाही. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या परीक्षेचं नाव अजून बरेच जण सुचवतात, पण तिची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे. 'घरबसल्या बी. टेक.' म्हणून कोणी फी मागितली तर मान्यतेचं पत्र बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

शिकायला मात्र एनपीटेल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) उत्तम. व्हिडिओ फुकट, सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, फक्त परीक्षेला फी लागते. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही लागतात. शिफ्टवाल्यांच्या असाइनमेंट पहिल्या महिन्यातच राहून जातात, म्हणून आठवडी सुट्टीचे तीन तास त्यांच्यासाठीच ठेवा.

लिफ्ट_ड्रॅग: क्रम असा ठेवा: प्रमाण वातावरण, बर्नूली, पंख, मग उड्डाणाची कामगिरी. रॉकेट शेवटी. एम-२ चं गणित सुरुवातीला पुरतं.

नुसते व्हिडिओ बघून काही हाती लागत नाही. एकच खरं विमान धरा आणि प्रत्येक धडा त्याच्यावर वहीत सोडवा. सेस्ना १७२ घ्या: वजन १,१११ किलो, पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौ. मी., वेग ६० मीटर प्रतिसेकंद. समुद्रसपाटीला हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर, म्हणून गतिज दाब (अर्धी घनता × वेगाचा वर्ग) २,२०५ पास्कल. वजन १,१११ × ९.८१ म्हणजे सुमारे १०,९०० न्यूटन. वजनाला गतिज दाब × क्षेत्रफळाने भागा, लिफ्ट गुणांक (पंख किती उचल देतो त्याचा एकक नसलेला आकडा) ०.३०५ येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे वजन किलोतच ठेवून भागणं. दुसरी म्हणजे वेग नॉटमध्ये तसाच घालणं; ६० मीटर प्रतिसेकंद म्हणजे जवळपास ११७ नॉट, आणि वेगाचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर पावणेचार पट चुकतं. तुमच्या वहीत प्रत्येक ओळीला एकक दिसलं पाहिजे.

पंखाचं_टोक: वरच्या उत्तरावरून पंखाचा येणाऱ्या हवेशी कोन काढताना पुढचा घोळ होतो. पातळ पंखाच्या सिद्धांतात चढ (कोनाबरोबर लिफ्ट गुणांक वाढण्याचा दर) २π असतो, पण प्रतिरेडियन. अंशाला तो ०.११ होतो. आणि हा अमर्याद लांबीच्या पंखाचा आकडा. सेस्नाच्या पंखाचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, म्हणजे विस्तार-गुणोत्तर (विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ) ७.५. टोकांवरून हवा खालून वर वळते, त्यामुळे चढ ०.०८७ च्या आसपास उतरतो. सेस्नाच्या वक्र पंखाची लिफ्ट उणे २.१ अंशांवर शून्य होते; गुणांकाला चढाने भागून ते २.१ वजा केले की कोन ०.७ ऐवजी १.४ अंश लागतो. एवढ्या एका दुरुस्तीने कोन दुप्पट!

पडताळायला एक्सएफएलआर५ हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. नाका २४१२ हा पंखाचा छेद काढा, रेनॉल्ड्स अंक (वेग, पंखाची रुंदी आणि हवेची चिकटाई यांचं गुणोत्तर) ६० लाख ठेवा (सव्वा ते दीड लाख आरसी मॉडेलला ठीक), कोन शून्यापासून अर्ध्या अंशाने चढवा. एकदम दहा अंशांवर उडी मारली की गणित जुळत नाही आणि आलेखात भोकं पडतात. स्टॉलजवळच्या (कोन फार वाढून लिफ्ट कोसळते तिथल्या) आकड्यांवर विसंबू नका, तिथे प्रवाह पंखापासून सुटलेला असतो.

तिसरी_पाळी: वहीत केलं. ३ किमी उंचीवर घनता ०.९०९, वेग तोच, लिफ्ट गुणांक ०.४१ आला. बरोबर का?

लिफ्ट_ड्रॅग: अगदी बरोबर. आता कमाल गुणांक १.६ धरून स्टॉलचा वेग काढा. समुद्रसपाटीला २६.२ मीटर प्रतिसेकंद येईल, ३ किमीवर ३०.४. कॉकपिटमधला वेगाचा काटा मात्र दोन्हीकडे त्याच आकड्यावर दिसेल. का, ते पिटो नळीचा (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) धडा उघडून स्वतः मांडा आणि इथे टाका, मी तपासून देतो.