सुरतेहून गाडी बोटीत टाकून सोमनाथला जायचं आहे, अर्जंट माहिती द्या

कापूसवाला_गडी
नमस्कार मंडळी. खामगावकडून सोमनाथ-द्वारका करायचं आहे. सुरतेजवळून गाडीसकट बोटीत बसून पलीकडे उतरता येते म्हणतात. बोट किती वाजता असते, भाडं किती, आणि बेट द्वारकेला पुन्हा दुसरी बोट लागते तर तिथं गाडी चढते का? इंटरनेटवर दहा जण दहा गोष्टी सांगून राहिले. ज्याले पक्कं माहीत असंल त्यानंच सांगा.

डिझेलभाऊ
गाडी कोणती? माणसं किती? निघणार कधी?

कापूसवाला_गडी
गाडी चांगली आहे, आताच सर्व्हिसिंग झाली. बोटीचं सांगा.

नर्मदाकाठ
बोटीसाठी दहेजला जा. भरूचपासून जवळ आहे. आम्ही सगळे गेलो होतो, गप्पा मारता मारता पलीकडचं भावनगरजवळचं घोघा आलं. पोरं तर उतरायला तयार नव्हती.

सुरतेतला_अकोलेकर
काका, ते जुनं झालं. दहेज-घोघा 2017 ला सुरू झाली होती, पण दहेजच्या बाजूला गाळ भरत राहिला आणि 2020 मध्ये ती बंद पडली. 8 नोव्हेंबर 2020 पासून सुरतेजवळच्या हजिऱ्याहून हजिरा-घोघा बोट आहे. गुगलवर जुने लेख अजून दहेजच दाखवतात, म्हणून लोक उगाच तिकडं वळतात.

गडीभाऊ, तुमच्यासाठी सोपं आहे. खामगावातून जाणारा 53 नंबरचा हायवे, आपला जुना सहा नंबर, तोच पार हजिऱ्यापर्यंत जातो. मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, बारडोली. सुरतेपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धरा. हजिऱ्याहून घोघा समुद्रातून 90 किलोमीटर, रस्त्यानं गेलात तर खंभातच्या आखाताला वळसा घालून 370. बोटीला चार तास धरून चाला. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून इथं कोणी सांगितलेल्या वेळेवर जाऊ नका, ऑनलाइन बुकिंग करतानाच पाहा. भाडं गाडीच्या प्रकारावर असतं, माणसांचं तिकीट वेगळं. म्हणून तर डिझेलभाऊ गाडी विचारून राहिले.

हायवेचा_राजा
बोटीची हौस असेल तरच जा. बंदरावर आधी जाऊन थांबा, गाडी चढवा, चार तास बसा, पुन्हा उतरायची रांग. तेवढ्या वेळात मी वडोदऱ्यावरून भावनगरला पोचून जेवून झोपलेलो असतो.

सुरतेतला_अकोलेकर
तुम्ही एकटे हाणत असाल. घरचे बसलेले असले की दर तासाला चहा, दर दोन तासाला लघवी. आणि ते चार तास ड्रायव्हर पाय पसरून बसतो, हे कोणी मोजत नाही. अट एकच, खामगावहून निघून त्याच दिवशी बोट पकडायच्या भानगडीत पडू नका. धुळ्याच्या पुढं ट्रकांची रांग लागली की घाटात तास कुठं जातो कळत नाही. बारडोलीला नाहीतर सुरतेला मुक्काम करा.

वेटिंगलिस्ट
गाडी नेताच कशाला? पुरीहून ओख्याला जाणारी रेल्वे आपल्या विदर्भातूनच जाते. बसा आणि द्वारकेला उतरा. जाता जाता नवापूरचं स्टेशन बघा, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये.

कापूसवाला_गडी
अहो रेल्वेचं विचारलंच नाही मी. गाडीनंच जायचं आहे. सोबत स्वयंपाकाचं सामान आहे, शेगडी, सिलेंडर, तांदूळ, तुरीची डाळ, सगळं घेऊन निघणार. रेल्वेत कुठं न्याव ते?

डिझेलभाऊ
सिलेंडर! हे आधी सांगाल की नाही? भरलेला सिलेंडर, पेट्रोलचा डबा असलं काही बंदरावर विचारल्याशिवाय नेऊ नका, तिथं परत पाठवलं तर पूर्ण रांग अडते. आता पुन्हा विचारतो, गाडी कोणती?

कापूसवाला_गडी
बोलेरो पिकअप. मागं गाद्या टाकतो, वरून ताडपत्री बांधतो. अकरा जण आहोत, माय आणि मावशी पुढं बसतीन.

हायवेचा_राजा
😂 राजेहो!

वकील_बुलडाणा
हसू नका, आपल्याकडं शेगावला, पंढरपूरला लोक असेच जातात. पण मालवाहू गाडीत मागं माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकलाच समजा. आणि बोटीवर चढताना गाडीत फक्त चालक असतो, बाकीच्यांना उतरून वेगळं चढावं लागतं. मालवाहू गाडीच्या मागून एवढे जण उतरताना दिसले की तिथले लोक काय म्हणतील?

कापूसवाला_गडी
गावातल्या चुलतभावाची क्रूझर जीप आहे, तो भाड्यानं चालवतो. ती घेतो मग. झालं समाधान? आता बेट द्वारकेचं सांगा.

वकील_बुलडाणा
पिवळी पाटी आहे ना? मग दुसऱ्या राज्यात जायला परमिट लागतं. चुलतभावाकडं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असंल तर प्रश्न नाही, नसंल तर निघायच्या आधी काढा. नवापूरला पोचून काढू म्हणू नका.

माय_माउली
बेट द्वारकेला आता बोट लागत नाही हो. ओख्याहून सुदर्शन सेतू झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये. गाडी पुलावरून थेट जाते. आम्ही मागं गेलो होतो तेव्हा त्या लाकडी बोटीत माणसं कोंबायचे, सासूबाईंनी डोळे मिटून पूर्ण वेळ विठ्ठल विठ्ठल केलं.

आणि घोघ्याला उतरलात तर जवळच कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, नक्की करा. शिवलिंगं समुद्रात आहेत. भरतीला फक्त झेंडा दिसतो, ओहोटीला पाणी मागं हटलं की चिखलातून चालत जायचं. वेळ रोज पुढं सरकते म्हणून गावात विचारून जा. मायला चप्पल हातात घ्यायला सांगा, तिथला चिखल आपल्या काळ्या मातीसारखा पाय सोडत नाही.

डिझेलभाऊ
त्या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. अलंगला मोठमोठी जहाजं भरतीच्या जोरावरच किनाऱ्यावर चढवतात आणि मग तोडतात. भावनगरहून तळाज्याकडं जाताना ते जहाज तोडणं बाजूलाच आहे. तारीख मात्र अजून सांगितली नाही.

कापूसवाला_गडी
कार्तिकात. पहिली वेचणी झाली की निघतो. पौर्णिमेला सोमनाथ पाहिजे, मायचा आग्रह आहे.

सुरतेतला_अकोलेकर
मग आजच बुकिंग करा भाऊ. कार्तिक पौर्णिमेला सोमनाथला जत्रा असते, त्याच दिवसांत गिरनारची परिक्रमा. बोट, धर्मशाळा, दोन्ही आधी भरतात. आणि परत येताना बोटीनंच यायचं असंल तर तेही आत्ताच बघा, नाहीतर राजासारखं वडोदऱ्यावरून हाणावं लागंल.

हायवेचा_राजा
या, तेव्हा मला फोन करा, ढाबे सांगतो.

कापूसवाला_गडी
ठीक आहे. चुलतभावाला परमिटचं विचारून सांगतो. सिलेंडर काढून टाकतो, शेगडीपुरतं तिकडंच पाहू.

बुलेट_मेहकर
मध्येच विचारतो, माझी बुलेट आहे. हजिऱ्याहून दुचाकी चढवतात का? आणि समृद्धीवरून मेहकरहून जाऊ का?

डिझेलभाऊ
चढवतात. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. वेगळा धागा काढा, आणि पहिल्याच ओळीत तारीख लिहा.